जुळत नाही ते रीडिंग खोडू नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोन लावणार होतो, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, तुझ्याजवळ लिहिलेलं राहू दे म्हणून बसलोय. तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक म्हणजे सिंपल पेंड्युलमवरून, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याच्या लंबकावरून, g (गुरुत्वाचं त्वरण) काढला तो 9.62 आला आणि ग्रुपमधली सगळी म्हणाली जर्नलमध्ये 9.8 टाक आणि मोकळी हो. आणि खाली लिहिलंस की मोठे शोध लावणारी माणसं वेगळीच असतात काका, आपल्याकडं ना तसली लॅब ना तसलं डोकं. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत, एकच वाटतात, का ते सांगतो.

आधी तुझं 9.62 बघू. दोऱ्याची लांबी कुठपर्यंत मोजलीस? हुकापर्यंत का गोळ्याच्या मध्यापर्यंत? समजा दोरा 60 सेंटीमीटर होता आणि गोळ्याची त्रिज्या 1 सेंटीमीटर, तर खरी लांबी झाली 61, आणि तू 60 धरून गणित केलंस तर g बरोब्बर 9.62 च्या आसपासच येतो, करून बघ. आणखी एक चूक सगळीच करतात, स्टॉपवॉच दाबतानाच 'एक' म्हणतात, तिथं 'शून्य' म्हणायचं असतं, नाहीतर 20 झोके म्हणून आपण 19 च मोजतो आणि g जातो 10.8 पर्यंत. म्हणजे 9.62 हा आकडा तुला काहीतरी सांगत होता, तुझी लांबी कुठं चुकली ते सांगत होता, आणि तू त्याच्यावर 9.8 लिहिलं असतंस तर ते कायमचं गेलं असतं.

आता दुसरं, आणि हे मला लई आवडतं. सगळी चूक काढून टाकलीस, अगदी स्वच्छ प्रयोग केलास, तरी कोल्हापुरात तुला 9.81 येणारच नाही. इथं येईल 9.78 च्या जवळपास. 9.81 हा पॅरिस लंडनकडचा आकडा आहे, पुस्तकात तोच छापलेला असतो म्हणून आपण तोच पाठ करतो. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, साधारण 16.7 अंशावर, आणि तिकडं जाल तसा g कमी होत जातो.

हे पहिल्यांदा कुणाला कळलं माहितीय? जाँ रिशे नावाचा फ्रेंच माणूस. 1672 साली पॅरिसच्या अकादमीनं त्याला दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला पाठवलं, खरं तर ग्रहताऱ्यांची निरीक्षणं करायला, मंगळ किती लांब आहे वगैरे. त्याच्याकडं लंबकाचं घड्याळ होतं जे पॅरिसमध्ये चोख चालायचं, आणि केयेनला ते दिवसाला जवळजवळ अडीच मिनिटं मागं पडायला लागलं, कारण g कमी असला की लंबक हळू झुलतो. ठोका बरोबर एका सेकंदाला पडावा म्हणून लंबक जवळपास 3 मिलिमीटरनं आखूड करावा लागला. 3 मिलिमीटर म्हणजे किती, तर पेन्सिलीच्या अर्ध्या जाडीएवढं! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता उकाड्यानं धातू वाढला, घड्याळ बिघडलं, सोडून द्या. यानं काय केलं, दहा महिने आठवड्यामागून आठवडा तेच मोजत राहिला. परत आल्यावर काही जणांना वाटलं यानंच मोजण्यात गडबड केली असणार. पण पुढं हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला सेंट हेलेना बेटावर लंबक आखूड करायला लागला, 1682 ला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गोरे बेटावर दुसऱ्या फ्रेंच लोकांनी मोजलं तिथंही तेच. आणि 1687 ला न्यूटननं प्रिन्सिपिया या आपल्या ग्रंथात ही निरीक्षणं घेऊन सांगितलं की पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडं चपटी आहे. आज आपल्याला माहितीय की मध्यापासून विषुववृत्त 6378 किलोमीटर आणि ध्रुव 6357, फरक 21 किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या पृथ्वीचा आकार त्या 3 मिलिमीटरमध्ये सापडला, आणि ते साधन तेच, ज्याच्यासमोर तू परवा लॅबमध्ये बसली होतीस.

रिशेचं नाव तुमच्या पुस्तकात नाही, न्यूटनचं आहे. मला त्याबद्दल न्यूटनवर राग नाही, त्याचं डोकं खरंच अफाट होतं, पण दहा महिने मोजणारा माणूस नसता तर न्यूटनच्या हातात काय होतं सांग.

असंच एक अरगॉन वायूचं. लॉर्ड रॅले नावाचा शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये नायट्रोजनची घनता काढत होता. हवेतला ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन एका काचेच्या गोळ्यात भरला तर वजन 2.3102 ग्रॅम, आणि रसायनांपासून तयार केलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला तर 2.2990. फरक अर्ध्या टक्क्याचा. आमच्या वर्कशॉपमध्ये गेज तपासताना मी एवढ्या फरकाला सरळ रिजेक्ट म्हणेन, पण कॉलेजात अर्धा टक्का आला तर पोरं पेढे वाटतील! रॅलेनं पेढे वाटले नाहीत आणि आकडा दाबलाही नाही, 1892 ला, फरक अजून याहून बारीक दिसत होता तेव्हाच, नेचर नावाच्या विज्ञान नियतकालिकात पत्र छापलं की मला हे कोडं सुटत नाहीये, केमिस्ट लोकांनी मदत करा. केवढा मोठा माणूस, आणि उघड विचारतोय! मग रॅम्झे नावाचा केमिस्ट त्यात आला आणि 1894 ला दोघांनी जाहीर केलं की हवेत एक वेगळाच वायू आहे जो कशाशीच संयोग पावत नाही. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का तोच असतो. आणि गंमत ही की शंभर वर्षं आधी, 1785 ला, कॅव्हेंडिश नावाच्या शास्त्रज्ञाच्या हातात हा वायू आला होता. नायट्रोजन सगळा संपवला तरी एक बारीक बुडबुडा उरतोय, सगळ्याच्या 1/120 पेक्षा जास्त नाही, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. ते काय आहे हे त्याला कळलं नाही, पण लिहून ठेवलं म्हणून रॅम्झेला ते वाचता आलं.

आता तुझं दुसरं वाक्य, आपल्याकडं लॅब नाही. खरी कॉर्नरवरून तू कितीदा जातीस, तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ कधी थांबून बघितलायस का? आनंदराव आणि बाबूराव पेंटर, सख्खे नाहीत पण नात्यातले भाऊ, पडदे रंगवणारी माणसं. फाळक्यांचा सिनेमा बघितला आणि आपणही करायचा ठरवलं, पण परदेशी कॅमेरा घ्यायला पैसे कुठले. मग प्रोजेक्टरची रचना समजून घेऊन कॅमेरा इथंच बनवायला घेतला. तुला वाटेल डबा आणि लेन्स, त्यात काय, पण खरी अडचण आतली आहे. फिल्म सलग सरकली तर चित्र फरफटतं, म्हणून ती भिंगासमोर क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात चित्र उमटलं पाहिजे, मग शटर बंद असताना ती नेमकी एका चौकटीएवढी पुढं ओढली गेली पाहिजे, आणि हे त्या काळात सेकंदाला साधारण 16 वेळा. थोडं मागंपुढं झालं की पडद्यावर सगळं थरथरतं. यातच 1916 ला आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत, आपले सहकारी दामल्यांना बरोबर घेऊन कॅमेरा पुरा केला, आणि 1920 ला 'सैरंध्री' त्याच्यावर निघाला. फिजिक्सची डिग्री दोघांकडंही नव्हती. मी आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस आहे, मला त्या कॅमेऱ्याबद्दल वाटतं तेवढं कुठल्याच मशीनबद्दल वाटत नाही.

आणि लॅब ऑक्सफर्डची असली म्हणून सगळं असतं असं पण नाही. पेनिसिलिन म्हटलं की फ्लेमिंग, 1928, बुरशी, झालं. पण औषध म्हणून ते हातात आलं पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या टीममध्ये, आणि तिथं नॉर्मन हीटली नावाचा माणूस बुरशी वाढवायला भांडी पुरत नाहीत म्हणून दवाखान्यातली बेडपॅन वापरत होता. 1945 चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन या तिघांना मिळालं, त्यात हीटली नाही. त्याला ऑक्सफर्डनं मानद डॉक्टरेट दिली ती 1990 ला.

म्हणून तुला माझं सांगणं एवढंच आहे. जर्नलशिवाय एक वेगळी वही कर, पानं न फाटणारी, शिवलेली. त्यात तारीख, वेळ, कुठलं साधन आणि आलेलं रीडिंग पेननं लिही, चुकलं तर एक रेघ मार पण खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. जुळत नसेल तर आधी स्वतःची चूक शोध, दहातल्या नऊ वेळा ती आपलीच असते आणि ती सापडण्यातच हात तयार होतो. चूक सापडलीच नाही तर सरांना विचार, उघड विचार, लाजू नको. विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत जायची सवय लाव, मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं आहे पण तिथं शेजारचं पुस्तक पण हाताला लागतं. आणि जर्नलबद्दल विचारशील तर जे आलं तेच लिही, खाली दोन ओळीत लिही की लांबी कुठं चुकली असावी. मार्क एखादा जाईल, जाऊ दे.

शनिवारी दुपारी वर्कशॉप बंद असतं, तेव्हा ये. सरांना सांगून लॅबमधला गोळा घेऊन ये, मायक्रोमीटरनं त्याचा व्यास काढू. दोरा न ताणणारा आण, लांबी 1 मीटरच्या आसपास ठेवू, झोका 5 अंशाच्या आतच देऊ, आणि 20 नको, 50 झोके मोजू. तू मोज, मी घड्याळ धरतो, मग अदलाबदल करू.

तुझा काका