वाचकांचे प्रश्न : पेडल बदलले, तरी फोर्कलिफ्ट थांबतेच

प्रश्न : आमच्या गोदामात ४८ व्होल्टची, दीड टनी, विजेवर चालणारी फोर्कलिफ्ट आहे. दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः धक्क्यावरून ट्रकमध्ये ये-जा करताना, पाय पेडलवर असतानाच ती थांबते. पाय उचलून पुन्हा दाबला की जणू काही झालेच नाही अशी चालू लागते. मेकॅनिकने अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल बदलले, पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता तो कंट्रोलर बदलायला सांगतो आहे. बदलावा का?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : इतक्यात बदलू नका. ‘पाय उचलून पुन्हा दाबला की चालते’ हे तुमच्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. चालक सीटवर आहे, हँडब्रेक सुटलेला आहे आणि दिशेचा स्विच पुढे किंवा मागे लावलेला आहे, या सगळ्या खुणा मिळाल्याखेरीज कंट्रोलर मोटरला वीज देत नाही. त्यांपैकी एखादी खूण क्षणभर जरी तुटली, तरी बहुतेक कंट्रोलर गाडी थांबवतात आणि पेडल शून्यावर येईपर्यंत ती पुन्हा सोडत नाहीत, कारण दाबलेल्या पेडलवर गाडी अचानक सुटणे धोक्याचे असते. म्हणजे दोष सीटखालच्या स्विचमध्ये असला, तरी चालकाला तो पेडलचाच वाटतो. धक्का आणि ट्रक यांच्यामधल्या लोखंडी पाटावरून जाताना चालक सीटवरून किंचित उचलला जातो, आणि तुमची गाडी नेमकी तिथेच थांबते. त्यामुळे माझा पहिला संशय सीट स्विचवर आहे. त्याला पुष्कळदा थोडा विलंब दिलेला असतो, म्हणजे चालक क्षणभर उचलला गेला तरी गाडी लगेच थांबत नाही. पण स्विच झिजला किंवा सीटचा फोम बसला, तर तो विलंब पुरत नाही.

मग नव्या पेडलने पंधरा दिवस आराम कसा पडला? बहुधा ते बसवताना कनेक्टर काढून पुन्हा लावला गेला आणि गंजलेल्या पिना घासल्या जाऊन तात्पुरत्या स्वच्छ झाल्या. पावसाळ्यात भिवंडीच्या दमट, धुळकट गोदामांत हे सर्रास घडते.

कंट्रोलरला हँडसेट (दोष वाचायचे हातातले उपकरण) जोडता येत असेल, तर आधी दोषांची नोंद वाचून घ्या. तिथे ‘एचपीडी’ (हाय पेडल डिसेबल) किंवा ‘एसआरओ’ (स्टॅटिक रिटर्न टू ऑफ) दिसले, तर खुणांचा क्रम चुकला आहे असे समजून सीट, हँडब्रेक आणि दिशेचे स्विच तपासा. थ्रॉटलचा दोष नोंदलेला असेल, तर पेडल आणि त्याच्या तारा.

तपासणीपूर्वी मोटरने फिरणारी चाके जमिनीपासून उचलून गाडी भक्कम लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, अंगठी-घड्याळ काढा आणि कनेक्टर उघडण्याआधी बॅटरीचा प्लग ओढा. त्यानंतरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो. प्लग परत लावून मोजताना मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावा, चेसिसला नव्हे. अशा गाड्यांत बॅटरीची दोन्ही टोके चेसिसपासून अलग ठेवलेली असतात, आणि हे विसरल्यामुळे चांगले भाग निकामी ठरवलेले मी पाहिले आहेत.

पेडलच्या सिग्नलच्या तारेवर मीटर लावून पेडल मनात दहा आकडे मोजत सावकाश दाबा. व्होल्टेज वाढणारे असो वा उतरणारे, ते एकसारखे बदलले पाहिजे. इथे जुना काट्याचा मीटर अधिक कामाचा, कारण क्षणभराची घसरण डिजिटल आकड्यांत हरवते, काटा मात्र दचकतो. मग पेडल अर्धे दाबून धरा आणि दुसऱ्याला तारांचा जुडगा हलवायला सांगा, विशेषतः जिथे तो पत्र्याच्या कडेवरून वळतो तिथे. तार बाहेरून धड दिसते, पण आतले तांबे तुटलेले असते. सीट स्विचसाठी चालकाला सीटवर डावी-उजवीकडे झुकायला आणि किंचित उठायला सांगा, आणि त्याच वेळी कंट्रोलरच्या इनपुटवर मीटर पाहा.

दोष सापडेपर्यंत सीट स्विच थेट जोडून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. चालक खाली उतरलेला असताना गाडी सुटू नये म्हणूनच तो स्विच आहे.

बॅटरी उतरल्याने किंवा कंट्रोलर तापल्याने गाडी सहसा आधी मंदावते. तुमची एकदम थांबते आणि लगेच पूर्ववत चालते, म्हणून तो संशय मी मागे ठेवतो. गाडी थांबली त्याच क्षणी पेडल, सीट, ब्रेक आणि दिशा या चारही खुणा कंट्रोलरच्या पिनांपर्यंत शाबूत पोहोचत असल्याचे मीटरने दाखवले, तर मात्र कंट्रोलर उघडून पाहायला हरकत नाही.