फॉर्ममधला तो रकाना

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, आता मी टेक्सासची नाहीच म्हणे." कॉलेजात तुला राज्याबाहेरच्यांची जास्त फी लागणार, म्हणून. नवव्या वर्षी नाशिकहून आलीस, तेव्हापासून इथल्याच सरकारी शाळेत शिकलीस. बाबांची नोकरी गेली, 60 दिवसांत दुसरी मिळाली नाही, आणि त्यांच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसाबरोबर त्यावर अवलंबून असलेला तुझा एच-4 व्हिसाही गेला. यातला एकही निर्णय तुझा नव्हता, हे आधी मनात पक्कं कर.

तुझ्यासारख्या मुलांच्या फीचा हा वाद टेक्सासमध्ये जुनाच आहे. 1977 साली टायलर गावच्या शाळांनी इथे राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला 1,000 डॉलर मागितले. काही पालक कोर्टात गेले. पकडले जाऊ या भीतीने सामान गाडीत भरूनच आले होते, आणि न्यायाधीशांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की या मुलांना सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. व्हिसा गेल्यावरही तुझ्या शाळेचं दार उघडं राहतं, ते त्या पालकांच्या हिमतीवर. पण तो निकाल शाळेपुरताच, कॉलेजपर्यंत पोचत नाही.

कॉलेजसाठी 2001 मध्ये टेक्सासच पुढे आलं. राज्यात राहून इथल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्यांना, कागद असोत वा नसोत, राज्यातल्या रहिवाशांची कमी फी. त्यावर सही करणारे गव्हर्नर रिक पेरी रिपब्लिकन होते. 4 जून 2025 ला केंद्राच्या न्याय खात्याने त्या कायद्यावर दावा लावला, राज्य सरकारने विरोध केलाच नाही, आणि त्याच दिवशी कोर्टाने अंमलबजावणी थांबवली. चोवीस वर्षांचा कायदा एका दिवसात! ज्या मुलांची फी तिपटीहून जास्त होणार होती, त्यांच्या बाजूने त्या दिवशी कोर्टात कोणी बोललंच नाही. मला याचा अजून राग आहे.

पण विरोधकांचा मुद्दा नीट समजून घे. 1996 चा केंद्रीय कायदा म्हणतो की कागद नसलेल्यांना राज्यातल्या वास्तव्याच्या आधारावर अशी सवलत द्यायची, तर ती देशातल्या कुठल्याही नागरिकाला, तो कुठेही राहत असला तरी, मिळायला हवी. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातल्या नागरिक मुलाने जास्त फी का भरावी, हा प्रश्न चुकीचा नाही. कॅलिफोर्नियाने त्याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलं. तिथे अट वास्तव्याची नाही, तीन वर्षं तिथल्या हायस्कूलमध्ये शिकून उत्तीर्ण होण्याची आहे. दुसऱ्या राज्यात गेलेल्या नागरिक मुलालाही ती लागू होते. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच तो कायदा राखला. टेक्सासचा कायदा वास्तव्याच्या शब्दांवर उभा होता, तिथेच तो सापडला.

मंडळातले काका म्हणाले ना, "आम्ही इतकी वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहोत, यांना सवलत कशाला"? त्यांचं दुःख खरं आहे. त्यांची स्वतःची मुलं 21 वर्षांची झाली की आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात. लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या 2012 च्या 'डाका' योजनेतही त्यांना जागा नव्हती, कारण त्यांच्याकडे तेव्हा वैध व्हिसा होता. पण तुझी फी वाढल्याने त्यांची रांग एका माणसानेही पुढे सरकत नाही. हे मी त्यांना सांगेन, तू नको त्यात पडूस.

आता माझं ऐक. कुठल्याही फॉर्मवर "अमेरिकन नागरिक" या रकान्यात खूण करू नकोस, मैत्रीण म्हणाली तरी, घाईत असलीस तरी. नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद करू शकतो. केंद्राची आर्थिक मदत तुला मिळणार नाही, म्हणून फाफ्सा, म्हणजे त्या मदतीचा अर्ज, भरायचा नाही. खाजगी कॉलेजांत बहुधा राज्यातला-राज्याबाहेरचा असा फरक नसतो. प्रत्येकाला आपण नाव न सांगता विचारू, कारण काही तुला परदेशी विद्यार्थी धरतील, काही धरणार नाहीत. पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, काढणं यात कमीपणा नाही. मी तिथेच शिकवलं, मला ती मुलं माहीत आहेत.

आणि एक तारीख. फेब्रुवारीत तुला 18 पूर्ण होतील. त्यानंतर व्हिसाशिवाय 180 दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला, तर 3 वर्षं परत येता येत नाही. वर्ष उलटलं तर 10. म्हणजे ऑगस्टच्या आत तुला एका परवानाधारक इमिग्रेशन वकिलाशी बोलायलाच हवं, एजंटाशी नव्हे. नाशिकला आजीकडे राहून शिकायचं आणि पुढे स्टुडंट व्हिसावर यायचं, हाही पर्याय त्यांना विचार. जा असं मी म्हणत नाही. पण ते दार उघडं आहे का, हे ते बंद व्हायच्या आत कळायला हवं.

शनिवारी ये. नववीपासूनच्या मार्कशीट, जुना आय-94 (देशात आल्याची सरकारी नोंद) आणि पासपोर्ट आण. पासपोर्ट संपत आला असेल, तर आधी त्याचं बघू.

तुझी,
मावशी