बडोद्यात घर-जमिनींची दलाली करणाऱ्या वडिलांवर वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी लेख लिहायचा आहे, कसा लिहू?

तुमची अडचण अशी की ‘मनमिळाऊ, हसतमुख, कुटुंबवत्सल’ एवढं लिहून झालं आणि पुढे पेन सरकत नाही. आधी हे तिन्ही शब्द खोडा. खोटे नाहीत, पण नाव बदललं की ते कुणालाही चालतात. शिवाय दलालाच्या बाबतीत मनमिळाऊपणा हे धंद्याचं भांडवलच असतं. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येणार तो हाच: दलाली हातात पडल्यावरही हा माणूस तसाच होता का? तुमच्या लेखाने याचंच उत्तर द्यायचं आहे. सौदा संपल्यावर ते कुणाकुणाच्या घरी जात राहिले, एवढं शोधलंत की लेख अर्धा झाला.

सुरुवात त्यांच्या फोनपासून करा. दलाल माणसं नुसत्या नावाने साठवत नाही, गरजेने साठवतो: ‘गोत्री २ बीएचके शहा’, ‘मांजलपूर रो हाऊस बँकवाले’, ‘अकोटा चावी वॉचमन’. ही सगळी यादी कागदावर उतरवा. जुने कॉल फोनमध्ये फार काळ राहत नाहीत, व्हॉट्सअॅप राहतं. तिथे ‘वास्तू’, ‘लग्न’, ‘दवाखाना’, ‘अॅडमिशन’ असे शब्द टाकून बघा. मात्र तोच शब्द देवनागरीत, गुजराती लिपीत आणि इंग्रजी अक्षरांत असा तीनदा टाका, नाहीतर निम्मं हाती लागणार नाही. ज्यांचं घर दहा-पंधरा वर्षांपूर्वीच घेऊन झालंय आणि तरीही शेवटच्या वर्षात बोलणं चालू आहे, त्यांच्या नावापुढे खूण करा. त्यातल्या आठ-दहा जणांना फोन पुरेत.

फोनवर ‘बाबा कसे होते?’ असं विचारू नका. उत्तर येणार, ‘देवमाणूस!’ त्याऐवजी विचारा: घर दाखवताना ते आधी काय दाखवायचे? कुठलं घर घेऊ नका म्हणाले होते? ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडून विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं, त्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता का? कुठल्या गल्लीत पाणी भरतं हे जुन्या दलालाला पाठ असतं. ते गिऱ्हाइकाला आधी सांगणारा आणि न सांगणारा, यात माणूस कळतो.

आता त्यांच्या धंद्याच्या डायऱ्या. इथे मुलं हमखास फसतात. बडोद्यात जुनी मोजणी वारात, आणि १ वार म्हणजे ९ चौरस फूट. प्लॉटपुढे नुसतं ‘१२०’ असेल तर ते बहुतेक १२० वार, म्हणजे १०८० फूट. ‘१२० फुटांचा प्लॉट’ असं छापलंत तर त्यांचे धंद्यातले मित्र गालात हसतील. आकड्यांची शून्यंही लिहिलेली नसतात. ‘४५’ म्हणजे ४५ हजार की ४५ लाख, हे साल बघून ठरवा. ‘बाना’ म्हणजे बानाखत, महाराष्ट्रात ज्याला साठेखत म्हणतात ते. ‘एन.ए.’ म्हणजे बिनशेती.

तारखा पक्क्या करायला दस्तावेज बघा. खरेदीच्या दस्तावेजावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात आणि पुष्कळदा त्यातली एक दलालाची असते. ओळखीच्या दोन-तीन घरांतून ते शेवटचं पान मागून घ्या. १९९० सालातली त्यांची सही आणि २०१५ मधली सही शेजारी शेजारी छापली, तर अर्धं पान वर्णन वाचतं. पक्षकारांची नावं, सर्व्हे नंबर आणि रक्कम मात्र झाकूनच.

कुटुंबवत्सल असण्याचा भाग जरा अवघड, कारण या धंद्यात रविवार घरचा नसतो. गिऱ्हाइकाला सुट्टी त्याच दिवशी. आईला विचारा, रविवारी जेवायला किती वाजायचे? तीन वाजत असतील तर तीन लिहा. लपवलंत तर घरचीच माणसं लेखावर विश्वास ठेवणार नाहीत. मग घरचे दिवस कुठले? डायरीत डिसेंबरच्या मध्यापासून १४ जानेवारीपर्यंतची पानं बघा, बरीचशी कोरी सापडतील. गुजरातेत कमुरत्यात, म्हणजे शुभ कामांना वर्ज्य मानलेल्या या महिन्यात, सहसा कुणी बाना करत नाही. अल्बममधले गच्चीवरचे, उंधियू-जिलेबीचे, मांजा गुंडाळतानाचे फोटो त्याच आठवड्यांतले निघतील. कोरं पान आणि तो फोटो एकत्र ठेवा, बाजूला फार लिहायची गरज पडत नाही.

‘दलाल’ शब्दाची लाज वाटते म्हणून मुलं ‘रिअल इस्टेट सल्लागार’ लिहितात. त्यांच्या पाटीवर, कार्डावर जे होतं तेच लिहा. आयुष्यभर ‘मकान दलाल’ म्हणवून घेतलेल्या माणसाला मेल्यावर बढती कशाला? आणि ‘हजारो घरं मिळवून दिली’ हेही नको. डायरीतून मोजा. २१२ निघाली तर २१२.

काय छापू नये हेही ठरवून टाका. कुणी कर्जापायी घर विकलं, कुणा भावाभावांत वाटणीवरून फाटलं, किती रक्कम रोखीत गेली, हे सगळं दलालाला माहीत असतं आणि ते त्याच्याबरोबरच जायला हवं. राहिलेली दलाली, कुणाचं अडकलेलं टोकन (इसाराची रक्कम) हे विषय पुस्तिकेत किंवा त्या दिवशीच्या गर्दीत आणूच नका. त्यासाठी वेगळा दिवस, समोर डायरी आणि सोबत एक जाणता माणूस.

चार पानी ए-५ पुस्तिकेत दोन फोटो धरून ६५० ते ७०० शब्द बसतात. मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटं लागतात, त्यापुढे लोक चुळबुळ करतात. छोटा जुना फोटो दुप्पट मोठा छापायचा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. व्हॉट्सअॅपवर मागवलात तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर चेहरा फुटतो. बडोद्यात निम्मे येणारे गुजराती असतील, तेव्हा एक पान गुजरातीत हवंच. ते भाषांतर करून नको, त्यांच्या एखाद्या गुजराती मित्रालाच लिहायला सांगा. तो जे लिहील ते तुम्हाला ठाऊकच नसेल.

ज्याची आठवण घेतली त्याला त्याचा परिच्छेद छापण्याआधी वाचून दाखवा. आणि वर्षश्राद्ध तिथीने येतं, तारखेने नाही. मुखपृष्ठावर तिथी आणि तारीख दोन्ही घाला आणि छपाईला देण्याआधी दोन्ही पंचांगात ताडून बघा.