लोअर परळला नोकरी लागली आहे, कमी भाड्यात वन आरके कुठे शोधू?

डोंबिवलीत किंवा नालासोपारा-विरारला शोधा. दादर-परळच्या आसपास परवडणारं मिळणं कठीण. लोअर परळ पश्चिम रेल्वेवर, करी रोड मध्य रेल्वेवर, आणि दोन्ही स्टेशनं चालण्याच्या अंतरावर, त्यामुळे कुठलीही लाइन चालते. डोंबिवली आणि विरारहून लोकल सुटतात, म्हणजे बसायला मिळण्याची थोडी तरी आशा! फास्ट मात्र लोअर परळ आणि करी रोडला थांबत नाही. दादरला उतरून स्लो पकडायची. रात्रपाळी असेल तर हा बेत सोडा, शेवटची लोकल चुकली की पहाटेपर्यंत अडकलात. भाड्याशिवाय डिपॉझिट आणि साधारण महिन्याभराच्या भाड्याएवढी दलाली हाताशी ठेवा. करार ११ महिन्यांचा असला तरी १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची.