आईच्या पाटल्या कपाटातच राहू द्या

कराडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. लेक नववीत, चौदा वर्षांची. अकरा महिन्यांपासून ती गावातल्या क्लबात 10 मीटर एअर पिस्तूल शिकते आहे. साठ गोळ्यांचा, म्हणजे 600पैकी, तिचा स्कोअर 510च्या आसपास अडकलाय. परदेशी पिस्तूल, मनगटाचा पट्टा, शूटिंगचे बूट, चष्मा असं सगळं धरून दुकानदाराने दोन लाख तीस हजारांचं कोटेशन दिलंय आणि दहा हजार आगाऊ घेतलेत. बाकीचे पैसे पतसंस्थेतून येणार, पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून. वडिलांचे प्रश्न असे : मॉडेल कोणतं घ्यावं, परवाना लागतो का, आणि एवढा खर्च केला तर स्पोर्ट्स कोट्यातून मेडिकलला उपयोग होईल का. शेवटी ते लिहितात : "ती म्हणते, पप्पा, अजून नको. पण तिच्यात आत्मविश्वास कमी आहे. एकदा घरचे एवढे पैसे गुंतले, की ती मागे हटणार नाही."

मॉडेलकडे येतोच, पण तुमच्या या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबावं लागतंय.

खेळाचं साहित्य मुलीला नीट खेळता यावं म्हणून घेतात. तुम्ही ते तिला खेळ सोडता येऊ नये म्हणून घेताय. आज तिच्या हातात क्लबचं पिस्तूल आहे. त्यामुळे घरी येऊन ती म्हणू शकते, "पप्पा, कंटाळा आलाय", "दहावीचं वर्ष आहे, सहा महिने थांबू का", "खांदा दुखतोय". पाटल्या पतसंस्थेत गेल्या, की यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून निघणार नाही. खांदा मात्र दुखत राहील, आणि तुम्हाला ते कळणारही नाही. चौदाव्या वर्षी आवडलेला खेळ सोळाव्या वर्षी नकोसा होऊ शकतो. त्यात मुलीचा दोष नसतो आणि आईबापांचा अपमानही नसतो. तो रस्ता पैशाने बंद करू नका. हे मी सौम्य शब्दांत सांगू शकलो असतो, पण तुम्ही पतसंस्थेत अर्ज भरून ठेवलाय, म्हणून स्पष्ट सांगतो : हा निर्णय चुकीचा आहे.

त्याहून वाईट म्हणजे हे तुम्ही तिला सांगितलंही आहे. "तुझ्यासाठी आईच्या पाटल्या ठेवतोय, याची जाण ठेव." या खेळात असल्या वाक्याचं काय होतं, ते समजून घ्या. एक किलोच्या आसपासचं पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचं. श्वास जरा चढला, नाडी जरा वाढली, की पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, डोळ्यांसमोर थरथरताना दिसते. साठ गोळ्यांना 75 मिनिटं मिळतात आणि त्या सगळ्या वेळात मन फक्त साइटवर आणि ट्रिगरवरच्या बोटावर ठेवायचं असतं. तिथे पाटल्यांचा विचार आला, की बोट ट्रिगर हळूहळू दाबायचं सोडून झटका देतं. आणि तुम्ही तर रोज तिच्या मागे उभे राहता, स्क्रीनवर प्रत्येक गोळीचा आकडा पाहता, घरी जाताना गाडीवर त्याच आकड्यांचा हिशेब विचारता. स्कोअर अडकलाय असं तुम्ही लिहिता, तेव्हा मला पिस्तुलाआधी शंका येते ती या उभं राहण्याची. उद्यापासून तिला गेटवर सोडा आणि वेळ संपल्यावर न्यायला या. स्कोअरची वही तिने लिहायची, प्रशिक्षकांनी पाहायची. तुम्ही ती मागू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

"अजून नको" म्हणणारी मुलगी घाबरट आहे, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. कारण विचारलंत का? कदाचित तिला ठाऊक असेल की एक दिवस 522 आणि दुसऱ्या दिवशी 498 होतात, म्हणजे हात अजून बसलेला नाही. तसं असेल, तर पत्रातलं सगळ्यात जाणतं वाक्य तिचं आहे.

आता तो गैरसमज, ज्यावर तुमचं सगळं गणित उभं आहे : महागडं पिस्तूल घेतलं की स्कोअर वाढतो. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा 8 मिलिमीटर बाहेर. चांगल्या स्थितीतलं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेलं पिस्तूल, शिकंज्यात घट्ट बसवून झाडलं, तर जुनं मॉडेलसुद्धा गोळ्या दहाच्या आतच टाकतं. मग तिच्या गोळ्या आठवर का जातात? पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण 32 सेंटीमीटरचं अंतर असतं. ट्रिगर दाबताना पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी तीन सेंटीमीटरहून जास्त सरकते. म्हणजे दहावरून थेट सात. हा एक मिलिमीटर दोन लाखांच्या पिस्तुलातही तेवढाच असतो. साठ गोळ्यांना 510 म्हणजे सरासरी साडेआठ. क्लबच्या पिस्तुलावर, अकरा महिन्यांत, चौदाव्या वर्षी हा स्कोअर चांगला आहे. पॅरिस ऑलिंपिकला नेमबाज मनू भाकर याच प्रकारात पात्रता फेरीत 580 मारून अंतिम फेरीत गेली. 510 ते 550 हा प्रवास हात, डोळा आणि बोट करतात. पिस्तुलाचा फरक बोलायला लागतो तो त्याच्या बराच पुढे.

आणि महाग म्हणजे बिनचूक, असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली याच मनूच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिच्यामागे सगळी यंत्रणा उभी होती. तुमच्या कोटेशनमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं मॉडेल आहे. ते बंद पडलं तर कराडात ते कोण उघडणार आहे? सुरुवातीला मेकॅनिकल ट्रिगरच बरा. त्याची ओढ, म्हणजे तो सुटायला बोटाने लावावा लागणारा जोर, नीट लावता येते. नियमानुसार ती किमान 500 ग्रॅम हवी, एवढं लक्षात ठेवा.

कोटेशनमधला मनगटाचा पट्टा आधी खोडून टाका. पिस्तूल धरलेल्या हाताच्या मनगटाला आधार देणारं काहीही स्पर्धेत चालत नाही. साहित्य तपासणीतच तो काढायला लावतील आणि तोवर मुलीच्या मनगटाला त्याची सवय लागलेली असेल. ज्या दुकानदाराने एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलीला तो विकायला काढला, त्याच्या बाकीच्या सल्ल्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. बूट घोट्याच्या खाली राहणारे आणि सपाट तळव्याचे हवेत, साधे कॅनव्हासचे चालतात. रायफलवाल्यांसारखं जाड जॅकेट पिस्तुलाला लागत नाही, हा या खेळाचा मोठा फायदा. महागड्या शूटिंग चष्म्याऐवजी साधा सुरक्षा चष्मा घ्या. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर 30 मिलिमीटरपर्यंत रुंदीची अर्धपारदर्शक पट्टी लावली की काम झालं. तो डोळा मिटून ठेवायला लावू नका, थकवा येतो.

पैसे घालायचेच असतील तर पेलेटमध्ये, म्हणजे पिस्तुलात भरायच्या छोट्या गोळ्यांमध्ये, घाला. आठवड्याला चार दिवस, दिवसाला 80 गोळ्या धरल्या तर 500चा डबा दीड आठवड्यात संपतो. महिन्याला जवळजवळ तीन डबे. कोटेशनमध्ये याचा उल्लेखच नाही, आणि पिस्तूल घेऊन पेलेटसाठी हात आखडणारी घरं मी पाहिली आहेत. सरावाला सपाट तोंडाचे साधे पेलेट चालतात, मॅच दर्जाचे स्पर्धेपुरते ठेवावेत. आणि सरावाचा मोठा भाग तर फुकटचा आहे : ड्राय फायरिंग. गोळी न भरता कोऱ्या भिंतीसमोर साइट धरायची आणि ती न हलवता ट्रिगर सोडायचा. हे क्लबात रोज वीस मिनिटं करता येईल का, ते प्रशिक्षकांना विचारा. पेलेट शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा घरचा नियम करा. गच्चीवर टार्गेट लावून मारायचं, हा तुमच्या पत्रातला बेत तर पूर्ण सोडून द्या. पेलेट उलटून येतात आणि शेजारी पोरं खेळत असतात.

पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की मुलगी डावखुरी आहे. ही पत्रातली सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक माहिती आहे, आणि कोटेशनमध्ये ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, उजव्या हाताची, मध्यम मापाची आहे! पिस्तुलाची ग्रिप हाताला इतकी नेमकी बसावी लागते, की डोळे मिटून हात उचलला तरी साइट सरळ दिसली पाहिजे. दुकानदार म्हणाला असेल, नंतर बदलून देऊ. डाव्या हाताची लाकडी ग्रिप वेगळी मागवावी लागते, पैसे वेगळे. शिवाय चौदाव्या वर्षी तळवा अजून वाढतोय. आज घेतलेलं छोटं माप दोन वर्षांत घट्ट होईल. क्लबात ती आत्ता कोणत्या ग्रिपने मारते, हेही बघून या. उजव्या ग्रिपला डावा हात जुळवून घेत असेल, तर अडकलेल्या स्कोअरचं एक कारण तिथेच सापडेल. डाव्या हाताची ग्रिप क्लबच्या पिस्तुलाला बसवून मिळाली, तर तेवढा खर्च आज करण्यासारखा आहे. कोटेशनमधल्या सगळ्यात तोच एक.

स्वतःचं पिस्तूल कधी घ्यावं? ती स्वतः मागेल, प्रशिक्षक हो म्हणतील आणि ती एक-दोन स्पर्धा क्लबच्या पिस्तुलावर खेळून आलेली असेल, तेव्हा. तेव्हाही नवं नको. मोठे होत जाणारे नेमबाज आपली जुनी मॅच पिस्तुलं विकतात. स्टायर, मोरिनी, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ, वॉल्टर ही नावं तिथे ऐकायला मिळतील. एका दांड्याने हवा भरणारी जुनी सिंगल स्ट्रोक पिस्तुलंही शिकायला उत्तम. रशियन बायकलच्या आयझेडएच-46 वर कित्येकांचा हात बसला आहे. त्यांना दाबाखालच्या हवेचा सिलिंडर लागत नाही, म्हणजे हवा भरायला कुठे जायचं हा प्रश्नच मिटतो. सिलिंडरवालं घेणार असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात, मुदत टळलेला सिलिंडर धोक्याचा असतो आणि स्पर्धेत तो मुदतीत असणं ही खेळाडूची जबाबदारी असते. दोन लाखांचं पिस्तूल लाखात मिळतंय म्हणून हुरळून जाणाऱ्यांना दोन्ही सिलिंडर बाद निघाल्याचं नंतर कळतं. सिलिंडर भरून रात्रभर ठेवून बघा, दाब उतरत असेल तर सील गेलंय. मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक पिस्तुलावरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या. व्यवहाराला प्रशिक्षकांना सोबत न्या, दुकानदाराच्या ओळखीच्या माणसाला नको.

परवान्याचं थोडक्यात : 4.5 मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, पण बिल जवळ हवं, नेताना ते पेटीत बंद हवं आणि घरी कुलपात.

मेडिकलचंही थोडक्यात. 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागेल आणि तिथले गुण तिलाच मिळवावे लागतील. खेळाच्या प्रमाणपत्राच्या भरवशावर एमबीबीएसची जागा धरून चालू नका. शालेय स्पर्धांमधून दहावी-बारावीला क्रीडागुण मिळू शकतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्याच्या ताज्या अटी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पण ही वाट पदकापासून सुरू होते, पिस्तुलाच्या बिलापासून नाही.

तुम्ही राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे या कोल्हापूरच्या नेमबाजांची नावं लिहिलीत. कोल्हापूर तुमच्या शेजारी, अभिमान मलाही आहे. पण स्वप्नील 2009 साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि ऑलिंपिकचं ब्राँझ 2024 साली आलं. मध्ये पंधरा वर्षं आहेत. तिकीट तपासनीसाची रेल्वेतली नोकरीही त्यातच आहे. एवढा काळ माणूस टिकतो तो खेळ त्याचा स्वतःचा असतो म्हणून. तुमच्या मुलीचा तो आहे की नाही, हे अजून तिलाही पुरतं ठाऊक नसेल. तिला शोधू द्या. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची चौकशी मात्र जरूर करा. निवड झाली तर प्रशिक्षण आणि साहित्याचा मोठा भार घरावरून उतरतो.

या आठवड्यात दोन कामं करा. पतसंस्थेतला अर्ज मागे घ्या आणि ते मुलीला तिच्या आईसमोर सांगा, "तू अजून नको म्हणालीस ते बरोबर होतं" एवढ्याच शब्दांत. मग दुकानदाराकडे जाऊन दहा हजार परत मागा. तो देत नसेल तर भांडत बसू नका, त्या रकमेचे पेलेट आणि सुरक्षा चष्मा घ्या. कोणते पेलेट ते प्रशिक्षकांकडून लिहून आणा, आणि दुकानात तिला सोबत न्या.