लघुग्रह शोधायचाय तर आधी हे वाच
दुर्बीण घ्यायची घाई करू नको बाळा. आता नवे सापडणारे लघुग्रह बहुतेक 20-21 प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका फिका), आपल्या आठ इंचीतनं ते दिसणं अवघडच, आणि खानापूर-जांबोटीकडं आकाश कितीबी काळं असूदे, जून ते सप्टेंबर ढगच की रे. त्यापेक्षा आयएएससीच्या (लोकांकडनं लघुग्रह शोधून घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मोहिमेत टीम करून नाव घाल, फुकट असतंय, हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो घरी लॅपटॉपवर येतात, पावसाळ्यातबी काम चालू.

आता खरं काम. एकाच जागेचे वेगवेगळ्या वेळी काढलेले चार फोटो ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरात टाकून एकामागून एक फिरवत बघायचं, तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो. पण सरकलेलं सगळंच खरं नसतंय. ठिपका सरळ रेषेत जातोय का, वेळेच्या मानानं सारखं अंतर कापतोय का, चारी फोटोत उजेड साधारण तेवढाच आहे का, एवढं बघ. मी सुरवातीला कॅमेऱ्याचे खराब पिक्सेलच लघुग्रह म्हणून पाठवले होते, लई वाईट वाटलं. म्हणून सांगतो, शंका असली तर पाठवू नको. नोंद मायनर प्लॅनेट सेंटरकडं (जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं केंद्र) गेली तरी कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायला कैक वर्षं जातात, तोवर पुढचे फोटो बघत राहा.