जुनं पोकलेन घेतोय, चेक इंजिनचा दिवा लागतो, मालक म्हणतो फक्त सेन्सर गेलाय. खरं-खोटं कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याकडे एक वीस टनी पोकलेन बघून आलात, दिवा मधूनमधून लागतो, लोडवर पॉवर बसते आणि मालक म्हणतो काही नाही, सेन्सर बदलला की झालं. मी धुळे-शिरपूर पट्ट्यात पोकलेन-जेसीबीचं इलेक्ट्रिकचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे भाऊ. सेन्सर खरोखर मेलाय असं कमी वेळा निघतं, जास्त करून वायर, कनेक्टर नाहीतर अर्थिंग निघते, आणि सगळ्यात महागाची केस म्हणजे सेन्सर एकदम बरोबर सांगतोय आणि इंजिनच आजारी आहे. विकणारा तिन्हीला "सेन्सर" म्हणतो.

मशीन बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नको. गेल्यावर पहिले इंजिनला हात लावा, गरम लागलं तर समजून घ्या की काहीतरी झाकायचंय. मग फक्त चाबी ऑन करा, स्टार्ट नाही. वॉर्निंगचे दिवे एकदा सगळे लागून विझायला पाहिजेत, जो लागलाच नाही त्याचा बल्ब गेलाय, काढलाय नाहीतर वायर कापलीय. नंतर मॉनिटरवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं), आत येणाऱ्या हवेचं आणि हायड्रॉलिक ऑइलचं टेंपरेचर बघा. रात्रभर उभं असलेल्या मशीनचे हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतकेच पाहिजेत. सकाळी बाहेर तीस असताना कूलंट एकटं सत्तर दाखवत असेल तर तिथे गडबड आहे.

ही गडबड कधी कधी मुद्दाम केलेली असते. कूलंटचा सेन्सर म्हणजे गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारी वस्तू, वीस-पंचवीस डिग्रीला साधारण दोन-अडीच किलो-ओहम आणि ऐंशी-नव्वदला दोनशे-तीनशे ओहमच्या आसपास येतो. आता ज्याचं मशीन तापतं तो काय करतो, सेन्सरच्या जागी वायरमध्ये एक फिक्स रेझिस्टर टाकून वरून काळी टेप मारतो, मग आपल्याकडे मे महिन्यात ४४ डिग्रीत नाला खोलीकरणाला लावलं तरी काटा हलत नाही. म्हणून थंडपासून पूर्ण गरम होईपर्यंत आकडा हळूहळू चढतो का ते बसून बघा, आणि सेन्सरजवळ नवीन टेप दिसली तर ती सोडून बघायची, लाजायचं नाही. रेडिएटरच्या जाळीत कापसाची धूळ आणि काळी माती किती बसलीय तेही त्याच वेळी बघून घ्या.

आता कोड, म्हणजे बिघाड झाला की मॉनिटरवर येणारा नंबर. बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर कोड एसपीएन आणि एफएमआय असा दोन भागात येतो, एसपीएन म्हणजे कुठली वस्तू (१०० ऑइल प्रेशर, ११० कूलंट, १५७ रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या जाड नळीतला दाब) आणि एफएमआय म्हणजे तिला काय झालंय. लोक पहिला नंबर बघतात आणि पार्ट आणायला पळतात, खरी गोष्ट दुसऱ्या नंबरात असते. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, हे इलेक्ट्रिकचं काम. पण ० किंवा १ आला तर त्याचा अर्थ सेन्सर चांगलाय, तो जे मोजतोय तेच हद्दीबाहेर गेलंय. एसपीएन १०० सोबत एफएमआय १ असेल तर मेकॅनिकल गेज लावून ऑइल प्रेशर मोजल्याशिवाय एक रुपया देऊ नका, ते बेअरिंग किंवा पंपाचं प्रकरण असू शकतं. कोमात्सु पीसी२००-८ ला सीए लागून कोड येतात, सीए१४४ आणि सीए१४५ कूलंट सेन्सरच्या सर्किटचे, आणि सीए३५२ आला तर सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा सप्लायच पडलाय.

हा ५ व्होल्टवाला प्रकार नीट समजून घ्या ना भो, इथेच जास्त पैसे जातात. मशीन २४ व्होल्टची असली तरी प्रेशर सेन्सरांना ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) ५ व्होल्ट देतो आणि एकाच लाइनवर दोन-तीन सेन्सर असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला किंवा वायर घासून बॉडीला लागली की सगळ्यांचे कोड एकदम येतात आणि मिस्त्री म्हणतो चार सेन्सर गेले. चाबी ऑन ठेवून एकेक कनेक्टर काढत जायचं, जो काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर. एकही काढून फरक नाही पडला तर हार्नेस (वायरांचा जुडगा) बघा, इंजिनच्या ब्रॅकेटवर जिथे घासतं तिथे, आणि उंदरांनी कुरतडलंय का तेही. पावसाळ्यात शेताच्या कडेला चार महिने उभ्या राहिलेल्या मशीनचं हे नेहमीचंय.

एकटा सेन्सर तपासायची सोपी युक्ती म्हणजे कूलंटचा कोड एफएमआय ४ असेल तर त्याचा कनेक्टर काढून चाबी परत ऑन करा. कोड ३ झाला म्हणजे वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, सेन्सर बदला. ४ च राहिला तर शॉर्ट वायरमध्ये आहे, नवीन सेन्सर आणून उपयोग नाही.

तुमची पॉवर बसायची तक्रार मात्र मला रेल प्रेशरची वाटते. लोडवर प्रेशर कमीचा कोड आला की सगळे रेल सेन्सर बदलतात, आणि निघतं काय तर चोक झालेला डिझेल फिल्टर, बॅरलमधून ओतलेल्या डिझेलमधलं पाणी, नाहीतर पाइपातून ओढली जाणारी हवा. इंजिन बंद, चाबी ऑन असताना रेल सेन्सरचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल आणि मॉनिटरवर प्रेशर शून्याजवळ दाखवत असेल तर सेन्सरला आधी सोडा, फिल्टर बदलून बघा. गरम झाल्यावरच बंद पडतं आणि अर्ध्या तासाने गुपचूप चालू होतं असं असेल तर ते वेगळं, तेव्हा क्रँकचा स्पीड सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते मोजणारा) बघायचा.

मशीन पीसी२००-६ किंवा ७ सारखं जुन्या पंपाचं असेल तर रेल सेन्सर नाहीच, तिथे गव्हर्नर मोटर (पंपाची रेस कमी-जास्त करणारी) आणि रेसच्या डायलचं पोटेंशिओमीटर (डायल किती फिरवला ते सांगणारा भाग) बघा.

सौद्याआधी दुपारच्या उन्हात तासभर तरी पूर्ण लोडवर चालवून घ्या, नंतर कोडची हिस्टरी काढा. हजारो तास चाललेल्या मशीनमध्ये सकाळी एकही जुना कोड नसेल तर कोणीतरी नुकतेच पुसले असायची शक्यता जास्त. मॉडेल आणि दोन्ही नंबर कळवा, मग पुढचं सांगतो.